फुसफुस, बुडबुडे आणि धूर

गेल्या शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीचे वॉचमन काका वाळूची लाल बादली घेऊन पार्किंगमध्ये धावत आले. मी गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा होतो आणि बॉनेटखालून पांढरा धूर येत होता.

"साहेब, बाजूला व्हा, गाडी पेटलीये!"

"नाही हो काका, धूर मीच सोडलाय."

यावर त्यांनी ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं ना... असो. तर मंडळी, न दिसणारं भोक शोधायला मुद्दाम धूर सोडणं ही काही माझ्या डोक्यातून निघालेली आयडिया नाही. हवेची गळती शोधण्याच्या खटपटीला साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली आहेत. आजचा लेख त्या खटपटीबद्दल. गाडीचं काय झालं ते शेवटी सांगतो.

पण आधी दुखणं काय होतं ते थोडक्यात. गाडी पंधरा वर्षांची, पेट्रोल, आधी बाबांची आणि आता माझी. तक्रारी दोन. पहिली म्हणजे सिग्नलला उभी असताना टॅकोमीटरचा काटा सातशे ते बाराशेच्या मध्ये झोके घ्यायचा. हायवेला लागली की एकदम गुणी बाळ, काही म्हणजे काही नाही. दुसरी तक्रार अशी की ट्रॅफिकमध्ये लागोपाठ दोन-तीनदा ब्रेक मारला की पेडल दगडासारखं कडक व्हायचं. महिन्यातून दोनदा पुण्याहून साताऱ्याला जातो, मधे खंबाटकी आहे, मागच्या सीटवर पोरगी असते. त्यामुळे दुसऱ्या तक्रारीनं माझी झोप उडाली होती.

गॅरेजमध्ये दोन तक्रारींचे दोन वेगळे इलाज झाले. काट्यासाठी स्पार्क प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, आयडलचा व्हॉल्व्ह बदलला. ब्रेकसाठी पॅड बदलले. बिल अकरा हजारांच्या पुढे गेलं आणि दोन्ही दुखणी जशीच्या तशी. "आता ऑक्सिजन सेन्सर टाकून बघू," असं जेव्हा ऐकलं तेव्हा मी गाडी घरी आणली. हे 'टाकून बघू' प्रकरण मला ओळखीचं होतं. आम्हीही बग कुठे आहे ते न बघता कोडच्या ओळी बदलत बसतो, तेव्हा नेमकं हेच करत असतो.

आता गोष्ट सुरू करतो, जर्मनीतल्या एका बिअरच्या पिंपापासून.

ओटो फॉन गेरिके हा माग्देबुर्ग शहराचा नगराध्यक्ष. शिक्षणानं वकील आणि इंजिनिअर. त्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्याला, 'पूर्ण रिकामी जागा असू शकते का' हा तत्त्वज्ञांचा वादाचा विषय होता. इटलीत टोरिचेल्लीनं पाऱ्याच्या नळीच्या टोकाला रिकामी जागा करून दाखवली होती, पण ती इवलीशी. गेरिके म्हणाला, वाद कशाला, मोठं भांडं रिकामं करून बघू. त्यानं लाकडी पिंप पाण्यानं भरलं, सगळीकडून बंद केलं आणि खालून पितळी पंपानं पाणी ओढायला सुरुवात केली. पाणी बाहेर आलं की आत काहीच उरणार नाही, असा साधा हिशोब.

पाणी ओढताना पिंपाच्या आतून आवाज यायला लागला, पाणी खळखळून उकळावं तसा. लाकडाच्या बारीक छिद्रांतून हवा आत घुसत होती. मग त्यानं छोटं पिंप मोठ्या पिंपात ठेवलं आणि दोन्हींच्या मधे पाणी भरलं. आता खळखळ थांबली, पण पक्ष्यांच्या चिवचिवाटासारखा बारीक आवाज येत राहिला. तेव्हा लाकूड सोडून त्यानं तांब्याचा पोकळ गोल घेतला. हवा काढता काढता तो गोल मोठ्ठा आवाज करून चक्क चुरगळला, कारण कारागिरानं तो नीट गोल केला नव्हता. पुढचा गोल नीट घडवून घेतला तेव्हा कुठे जमलं.

माग्देबुर्गच्या अर्धगोलांचं चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं असतं. दोन्हीकडे घोडे जुंपलेत आणि तरी ते उघडत नाहीत. सुमारे अर्धा मीटर व्यासाचे ते अर्धगोल बाहेरच्या हवेनं साधारण दोन टनांच्या जोरानं एकमेकांवर दाबले जात होते. पण त्या चित्रात न दिसणारी एक वस्तू सगळ्यात महत्त्वाची होती. दोन अर्धगोलांच्या मधे मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चामड्याचं कडं होतं. गॅस्केट! ते नसतं तर एका घोड्याचीही गरज पडली नसती.

मला या गोष्टीत आवडतं ते हे की गेरिकेला गळती दिसली नाही, ऐकू आली. ही पहिली पद्धत. आजही जुने मेकॅनिक रबरी नळीचं एक टोक कानाला लावतात आणि दुसरं टोक चालू इंजिनवर फिरवतात. जिथे फुसफुस मोठी होईल तिथे बोट ठेवतात.

गेरिकेच्या पंपाची बातमी इंग्लंडला पोचली आणि १६५९ मध्ये रॉबर्ट बॉइलनं रॉबर्ट हूकच्या मदतीनं आपला पंप तयार केला. काचेचं भांडं वर आणि पंप खाली. म्हणजे आत काय होतंय ते दिसणार. हा पंपही गळायचा, आणि बॉइलनं ते प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. पण नेमकं तेच थॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाच्या पथ्यावर पडलं. १६६१ मध्ये त्यानं बॉइलवर जोरदार टीका केली. तुमच्या भांड्यात हवा येतच राहते, मग तुम्ही पोकळीबद्दल सिद्ध काय केलं? गंमत बघा, एका गॅस्केटवरून तत्त्वज्ञानाचं भांडण. १९८५ मध्ये स्टीव्हन शेपिन आणि सायमन शाफर यांनी या भांडणावर 'लेव्हायथन अँड दि एअर-पंप' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. विज्ञानाच्या इतिहासात ते आज क्लासिक मानलं जातं.

बॉइलनं उत्तर अर्थातच शब्दांत दिलं. पण त्यानं आणखी एक गोष्ट केली. पुढच्या पंपात त्यानं पंपाचा सिलिंडरच पाण्यात बुडवून टाकला. फटीतून काही आत जायचंच असेल तर पाणी जाईल, हवा नाही. आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवतो तेव्हा तोही पाण्याचीच मदत घेतो, फक्त उलट कामासाठी. बॉइलनं पाण्यानं फट झाकली, पंक्चरवाला पाण्यानं फट उघडी पाडतो. न दिसणाऱ्या हवेला बुडबुड्याचं रूप मिळालं की भोक कुठे आहे याबद्दल हॉब्जसुद्धा वाद घालू शकत नाही :)

आता रिकाम्या जागेला कामाला लावायची वेळ आली. १७१२ मध्ये थॉमस न्यूकोमेननं इंग्लंडमध्ये डडलीजवळ कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसण्यासाठी इंजिन बसवलं. त्याला आपण वाफेचं इंजिन म्हणतो खरं, पण काम वाफ करत नसे. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, ती गार करून तिचं पाणी करायचं, आत पोकळी होते, आणि मग बाहेरची हवा पिस्टन खाली ढकलते. म्हणजे काम करायची हवा. आत हवा गळली की इंजिन मेलं.

पण त्या काळी गोल, गुळगुळीत सिलिंडर करताच येत नव्हता. पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे फट राहायचीच. न्यूकोमेननं पिस्टनला चामड्याची चकती लावली आणि पिस्टनच्या वर पाण्याचा थर ठेवला. पुन्हा पाणीच! गळलंच तर पाण्याचे चार थेंब गळतील.

आणि या इंजिनाचा मोठा शोध एका गळतीतूनच लागला, असं मार्टेन ट्रिवाल्ड हा स्वीडिश इंजिनिअर सांगतो. तो इंग्लंडमध्ये अशा इंजिनांवर काम करत होता. सुरुवातीला सिलिंडर बाहेरून गार पाण्यानं थंड करत, त्यामुळे वाफ सावकाश थिजे. एका सिलिंडरच्या भिंतीत एक भोक होतं, ते डाग देऊन बुजवलेलं होतं. एक दिवस तो डाग वितळला आणि बाहेरचं गार पाणी थेट आत घुसलं. वाफ एका क्षणात थिजली, आणि पिस्टन इतक्या जोरात खाली आला की साखळीच तुटली. बघणाऱ्यांच्या लक्षात आलं की पाणी आतच फवारायचं! पुढे सगळी न्यूकोमेन इंजिनं तशीच चालली. नशीबवान बग यालाच म्हणतात.

या इंजिनाला आणखी एक आजार असायचा. आत फवारलेल्या पाण्यात विरघळलेली हवा हळूहळू सिलिंडरमध्ये साठायची आणि काही फेऱ्यांनंतर इंजिनाचा दम जायचा. त्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह ठेवलेला असे. वाफ आत आली की साठलेली हवा त्यातून 'फुस्' करून बाहेर जायची. सर्दी झालेला माणूस नाक ओढतो तसा आवाज यायचा, म्हणून इंग्रजीत त्याचं नावही तसंच पडलं, स्निफ्टिंग व्हॉल्व्ह.

मग आला जेम्स वॅट. १७६५ मध्ये त्याला सुचलं की वाफ थिजवायला वेगळं भांडं ठेवायचं, म्हणजे सिलिंडर कायम गरम राहील आणि कोळसा वाचेल. कल्पना झकास, पण तिनं एक जुना आधार काढून घेतला. सिलिंडर गरम ठेवायचा तर पिस्टनवर गार पाणी ठेवता येत नाही. म्हणजे गळतीचा प्रश्न पुन्हा उघडा. वॅटनं फट भरायला तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू वापरून पाहिल्या, पण मनासारखं काही जमेना. १७६९ मध्ये पेटंट मिळालं, पण इंजिन काही बाजारात येईना. अडलेलं घोडं सोडवलं ते जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदारानं. त्यानं १७७४ मध्ये तोफा कोरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. तसल्याच तंत्रानं त्यानं १७७५ मध्ये वॅटसाठी सिलिंडर कोरला. त्याचा पन्नास इंची सिलिंडर जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही चुकत नाही, अशी पावती वॅटचा भागीदार बोल्टननं दिली होती. १७७६ मध्ये वॅटची पहिली इंजिनं कामाला लागली. औद्योगिक क्रांतीची अकरा वर्षं एका फटीत अडकून पडली होती म्हटलं तर फार चुकणार नाही. (पैशांची चणचण वगैरे कारणं होतीच, पण फट मोठी होती.)

इथपर्यंत आवाज झाला, पाणी झालं. धूर कुठून आला? संडासातून. हसू नका, खरंच.

ज्या १७७५ मध्ये विल्किन्सन सिलिंडर कोरत होता, त्याच वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंगनं फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्याच्या खाली इंग्रजी एस अक्षरासारखा वाकवलेला पाइप होता. त्या वळणात थोडं पाणी कायम उरतं आणि गटारातली हवा घरात येऊ देत नाही. न्यूकोमेनच्या पिस्टनवरचं पाणी आणि तुमच्या-माझ्या बाथरूममधलं पाणी एकच काम करतं. पण हे वळण कितीही चांगलं असलं तरी भिंतीतल्या पाइपचा जोड उघडा असेल तर काय उपयोग?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या घरोघरी फ्लश आले आणि हे पाइप भिंतींमागे, फरशांखाली गेले. रोग दुर्गंधीनं पसरतात असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी घाण येत होती की पार्लमेंटचं कामकाज अवघड झालं. त्यानंतर लंडनला मोठी गटारं बांधली गेली. पण लोकांना खरा धसका बसला १८७१ मध्ये. तेव्हाचे युवराज, पुढे सातवे एडवर्ड झाले ते, स्कार्बरोमधल्या एका आलिशान घरी पाहुणे म्हणून राहिले आणि टायफॉइडनं आजारी पडले. त्याच घरी उतरलेले अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि युवराजांचा एक मोतद्दार दगावले. युवराजांचे वडील प्रिन्स अल्बर्ट दहाच वर्षांपूर्वी गेले होते आणि तेव्हाही कारण टायफॉइडच सांगितलं गेलं होतं. युवराज वाचले, पण दोष त्या घराच्या ड्रेनेजवर आला. उमरावाच्या वाड्यात हे होऊ शकतं, मग आपल्या घराचं काय? जो तो आपले पाइप तपासून घ्यायला लागला.

तपासायचे कसे? एक पद्धत पेपरमिंटची. एक माणूस छपरावर जाऊन पाइपात पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचा, दुसरा घरात वास घेत फिरायचा. वास आला की जवळपास गळती आहे. यात अडचण अशी की तेल ओतणाऱ्या माणसाला घरात येऊ देता येत नसे, त्याच्या अंगालाच वास. शिवाय एकदा खोलीभर वास पसरला की नेमका कुठून आला ते कळत नाही.

दुसरी पद्धत धुराची. पाइपची सगळी तोंडं बंद करायची, वळणांत पाणी भरायचं. मग तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवून त्यांचा दाट धूर भात्यानं पाइपात सोडायचा आणि घरात फिरायचं. जिथून धुराची रेघ निघेल तिथे खडूनं फुली. वास 'आहे' एवढंच सांगतो, धूर 'इथे आहे' असं सांगतो. आपल्याकडे शेतात उंदराच्या बिळात धूर करतात तेव्हा बांधाच्या पलीकडून भलत्याच भोकातून धूर निघतो आणि बिळाची दुसरी तोंडं कळतात. तत्त्व तेच.

यात एक मजेशीर बाब आहे. टायफॉइड गटारातल्या हवेनं होत नाही, दूषित पाण्यानं आणि अन्नानं होतो. त्याचा जिवाणू १८८० मध्ये कार्ल एबर्टला दिसला. म्हणजे धुराच्या चाचणीमागची थिअरी चुकीची होती, पण चाचणी बरोबर होती. पाइप फुटका आहे की नाही हे ती खरंखरं सांगत होती. म्हणूनच ती टिकली. गटारांच्या लाइन तपासायला अमेरिकेतल्या कितीतरी नगरपालिका आजही धूर सोडतात.

आता पुन्हा इंजिनाकडे येऊ, या वेळी गाडीच्या.

पेट्रोल इंजिन म्हणजे एक प्रकारचा हवेचा पंपच. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. पण आपण अॅक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन ओढतायत आणि हवा येत नाहीये, त्यामुळे झडपेच्या मागच्या भागात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, चांगलीच पोकळी तयार होते. गेरिकेला जे करायला इतका आटापिटा करावा लागला, ते आपली गाडी सिग्नलला उभी असताना फुकट करत असते. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिनाची ही ओढ पाऱ्याच्या साधारण अठरा ते बावीस इंचांइतकी भरते. पुण्यात हवाच थोडी विरळ असल्यामुळे सुमारे दोन इंच कमी.

फुकटची ओढ आहे म्हटल्यावर इंजिनिअर लोक गप्प बसणार आहेत का? जुन्या गाड्यांचे वायपर तिच्यावर चालत. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की ओढ कमी व्हायची आणि ऐन पावसात वायपर मंदावायचे. १९२७ मध्ये आल्बेर देवांद्र या बेल्जियन इंजिनिअरनं या ओढीवर ब्रेकला मदत करणारं यंत्र काढलं. एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, मधे पडदा. न्यूकोमेनचाच पिस्टन, फक्त खाणीतल्या पाण्याऐवजी तुमचं ब्रेक पेडल ढकलणारा. आजही बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेक बूस्टर याच तत्त्वावर चालतो. म्हणून इंजिन बंद पडलं की दोन-तीन दाबांनंतर ब्रेक कडक होतो.

१९७० मध्ये अमेरिकेत हवा शुद्ध ठेवण्याचा कडक कायदा आला आणि बॉनेटखाली रबरी नळ्यांचं जंगल वाढलं. धूर परत जाळायला नळी, टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात अडवून इंजिनात आणायला नळी. प्रत्येक नळी म्हणजे दोन जोड, आणि प्रत्येक जोड म्हणजे हवा चोरून आत यायची एक संधी.

ही चोरटी हवा त्रास देते ती मुख्यतः आयडलिंगला. तेव्हा इंजिन मुळात इतकी थोडी हवा घेत असतं की बारीकशी भेग सगळा हिशोब बिघडवते. हायवेवर झडप बरीच उघडी असते, तेव्हा त्या भेगेला कोण विचारतो? म्हणून माझी गाडी हायवेला गुणी बाळ होती.

कार्ब्युरेटरच्या काळात अशी गाडी सरळ रडायची. थरथरायची, बंद पडायची. मग १९७६ मध्ये बॉशचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्वोच्या गाडीत आला आणि पुढे कॉम्प्युटर आला. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त दिसला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. काही गाड्या आत येणारी हवा मोजतात. त्यांत मोजमापाच्या पुढे गळती असेल तर मिश्रण पातळ होतं, कॉम्प्युटर ते सावरत राहतो आणि अगदी हाताबाहेर गेलं की मगच दिवा लावतो. काही गाड्या हवा न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. त्यांना गळतीमुळे वाटतं की हवा जास्त आली, ते त्या मापानं पेट्रोल सोडतात, आणि आयडलिंग वर जातं. मग कॉम्प्युटर ते खाली ओढतो, ते पुन्हा वर जातं. माझी गाडी या दुसऱ्या जातीची. काट्याचे झोके तेच होते. मिश्रण बिघडलंच नाही, त्यामुळे स्कॅनरवर एकही कोड नाही!

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. सर्व्हरचा रिप्लाय आला नाही की आपण गुपचूप पुन्हा रिक्वेस्ट पाठवतो. डॅशबोर्ड हिरवा, सगळे खूश, आणि खाली कुठेतरी पाइप फुटलेला. यंत्र जितकं समजूतदार, तितकं दुखणं लपून राहतं.

सरकारांनीही हे ओळखलं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ओबीडी-दोन सक्तीचं झालं. पेट्रोलच्या वाफेच्या नळ्यांमधलं एक मिलिमीटरचं भोक गाडीनं स्वतः ओळखायचं, आणि २००० च्या सुमारास ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आली. गाडी सांगणार 'कुठेतरी भोक आहे'. पण कुठे? टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांत अर्ध्या मिलिमीटरचं भोक कानानं सापडत नाही. साबणाचं पाणी सगळीकडे पोचत नाही. संशय येईल तिथे पेट्रोल किंवा स्प्रे मारून इंजिनाचा आवाज बदलतो का बघायची जुनी रीत तर गरम इंजिनावर आगीला आमंत्रण. तेव्हा गॅरेजमध्ये व्हिक्टोरियन गटारवाल्यांची युक्ती परत आली. मिनरल ऑइल तापवून दाट धूर करायचा आणि अगदी हलक्या दाबानं, अर्ध्या पीएसआयच्या आसपास, आत सोडायचा. इंधनाच्या नळ्यांसाठी हवेऐवजी नायट्रोजन वापरतात, कारण पेट्रोलची वाफ, हवा आणि ठिणगी एकत्र आली की तपासायला गाडीच उरत नाही.

योगायोग असा की त्याच १९९६ च्या जुलैमध्ये स्टीव्ह मॅककॉनेलचा 'डेली बिल्ड अँड स्मोक टेस्ट' हा लेख 'आयईईई सॉफ्टवेअर'मध्ये आला आणि आमच्या धंद्यात स्मोक टेस्ट घरोघरी पोचली. आमच्याकडे त्याचा अर्थ सांगतात तो इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा. सर्किट चालू करा, धूर नाही आला तर पास. पाइपवाल्यांचा अर्थ बरोबर उलटा. धूर आपणच सोडायचा, आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. मला आता दुसरा अर्थ जास्त पटतो.

तर शनिवारची गोष्ट. पत्र्याचा डबा, त्यात थोडं बेबी ऑइल, तापवायला डिझेल गाडीचा जुना ग्लो प्लग, त्याला बारा व्होल्टची वेगळी बॅटरी. हवेला फिश टँकचा पंप, कारण त्याचा जोर बेताचा असतो. गाडी रात्रभर गार, इग्निशन बंद. हवेच्या मुख्य पाइपाचं तोंड हातमोजा कोंबून बंद केलं, मॅनिफोल्डच्या एका नळीतून धूर सोडला. इंधनाच्या नळ्या चिमटे लावून वेगळ्या ठेवल्या आणि अग्निशामक सिलिंडर शेजारी ठेवला. (तुम्ही करणार असाल तर यातलं काहीही गाळू नका. प्लग एका वेळी काही सेकंदच तापवा. आणि इंधनाच्या नळ्या घरी तपासूच नका, त्यासाठी मशीनवाल्याकडे जा.)

पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग ऑइलच्या झाकणापाशी थोडा धूर, मी खूश. पण ती खोटी आशा. इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून धूर तिथे जातोच. सायलेन्सरमधूनही थोडा येतो, कारण कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा असतो. हे होतंय तोवर वॉचमन काका बादली घेऊन आले.

त्यांना समजावत असतानाच तेच म्हणाले, "साहेब, ते बघा, खालून येतंय."

मॅनिफोल्डपासून ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड रबरी नळी. वरून बघितली तर नव्यासारखी. खालच्या बाजूला, वळणावर, बोटाच्या पेराएवढी भेग, आणि तिच्यातून उदबत्तीसारखी बारीक, सरळ रेघ वर चाललेली. भेग इंजिनाच्या बाजूला होती. बूस्टरच्या तोंडाशी एकदिशा व्हॉल्व्ह असतो, तो आत साठलेली ओढ राखून ठेवतो, म्हणून पहिला ब्रेक नेहमी बरोबर लागायचा. दुसऱ्या-तिसऱ्याला साठा संपायचा आणि इंजिन तो वेळेवर भरू शकायचं नाही. काट्याचे झोके आणि कडक पेडल, दोन तक्रारी, दोन इलाज, तीन प्रकारचे नवे पार्ट. दुखणं मात्र एकच.

नळी तीनशे वीस रुपयांना मिळाली.

गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे स्कॅनर होता, स्कॅनर गप्प होता, आणि अंदाजानं पार्ट बदलणं आपण सगळेच करतो. गेरिके, न्यूकोमेन, वॅट हेसुद्धा आधी तेच करत होते, हे बदलून बघ, ते भरून बघ. पण गळतीशी वाद घालून किंवा अंदाज बांधून ती सापडत नाही. तिला आवाज द्यावा लागतो, बुडबुडा द्यावा लागतो, नाहीतर धूर द्यावा लागतो.

रविवारी साताऱ्याला जाऊन आलो. घाट उतरताना लागोपाठ तीनदा ब्रेक दाबून बघितला, तिन्ही वेळा मऊ. मागून पोरगी ओरडली, "बाबा, नीट चालव ना!" तिला काय सांगणार :)